तिसरी ‘ब’ची पृथ्वी

पृथ्वी वर्गाच्या दारातून बाहेर निघत नाही, हे तिसरी ‘ब’ला प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी दुपारी कळलं. ती गोल आहे, स्वतःभोवती फिरते, तिच्यावर पाणी जास्त आणि जमीन कमी, हे सगळं मुलांचं पाठ झालं होतं. फक्त ती दारापेक्षा मोठी आहे, हे कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. पुस्तकात ते दिलेलं नाही.

यात वर्गाच्या बाईंची चूक नव्हती असं म्हणवत नाही. पण त्यांच्या चुकीमागे तत्त्व होतं, आणि चुकीला तत्त्वाचा आधार मिळाला की ती चांगली ऐसपैस होते. बाईंचं तत्त्व असं की प्रकल्पाला वर्गातल्या प्रत्येक मुलाचा हात लागला पाहिजे. एरवी शाळेतले प्रकल्प म्हणजे दोन हुशार मुली चित्र काढणार, कुणाची तरी आई ते रात्री बसून पुरं करणार आणि बाकीची मुलं टाळ्या वाजवणार. बाईंना हे पटत नसे. त्यांना नोकरीला लागून फार दिवस झाले नव्हते, त्यामुळे अजून बऱ्याच गोष्टी त्यांना पटत नसत.

सुरुवात अगदी साध्या फुग्यापासून झाली होती. फुग्यावर कागदाचे कपटे चिकटवायचे, वाळले की रंगवायचे, झाली पृथ्वी. “खर्च किती?” एवढंच हेडसरांनी विचारलं होतं आणि “एक फुगा” हे उत्तर ऐकून त्यांना इतकं बरं वाटलं की त्यांनी बाईंना चहा पाजला.

तो फुगा वकिलाने फोडला. वकील हा पहिल्या बाकावरचा मुलगा. “गप्प बस” म्हटलं तरी तो “का?” असं विचारायचा, म्हणून सगळ्या शिक्षकांनी मिळून त्याला ही पदवी दिली होती. पृथ्वीच्या पोटात तापलेला रस असतो, असं बाईंनीच शिकवलं होतं. खरंच असतो का बघावं म्हणून त्याने पेन्सिलीचं टोक आत खुपसलं.

“मग? होता का रस?” बाईंनी कमरेवर हात ठेवून विचारलं.

“नाही बाई. नुसती हवा होती. पुस्तकात चूक आहे.”

मग मोठा रबरी चेंडू आणला. पण सगळा वर्ग त्याच्याभोवती जमल्यावर पुढच्या चौघांचे हात उत्तर ध्रुवावरच एकमेकांना चिकटले आणि मागच्या बाकांवरच्या मुलांना पृथ्वी दिसलीसुद्धा नाही. बाई त्या दिवशी शाळा सुटल्यावर विचार करत बसल्या. प्रत्येक मुलाला निदान दोन पंजे मावतील एवढी तरी जागा हवी. मुलं एवढी, पंजे एवढे, म्हणजे पृथ्वी केवढी? त्यांनी खडूने जमिनीवर एक गोल काढला, आणि तो काढताना त्या गुडघ्यांवर सरकत सरकत बऱ्याच लांब गेल्या.

चित्रकलेच्या सरांनी तो गोल पाहिला आणि त्यांच्या अंगात उत्साह संचारला. गेली कित्येक वर्षं त्यांच्या वाट्याला ‘सुस्वागतम्’च्या भोवती वेलबुट्टी काढण्यापलीकडे काही आलं नव्हतं. त्यांनी वेताच्या पट्ट्या आणल्या, दोन बाक जोडून त्यावर सांगाडा बांधायला घेतला, आणि शेवटच्या गाठी स्टुलावर चढून मारल्या. नवल म्हणजे त्याच महिन्यात वर्ग मोजमाप शिकला होता. मुलांनी फळा मोजला, खिडकी मोजली, दार मोजलं, शिपाईमामांची मिशीही मोजली, आणि सगळी मापं तक्त्यावर लिहून तो तक्ता भिंतीवर टांगला. पृथ्वीचा सांगाडा उभा राहिला तो बरोबर त्या तक्त्यासमोर. तक्ता दिसेनासा झाला आणि त्याची आठवणही कुणाला राहिली नाही.

मग घराघरांतून रद्दी आली, पिठाची खळ आली, खळीमागे मुंग्या आल्या. बाक एकेक करून व्हरांड्यात गेले आणि वर्ग पृथ्वीच्या भोवती जमिनीवर बसू लागला. एका सकाळी दक्षिण ध्रुव उंदराने कुरतडलेला निघाला. शेजारच्या तिसरी ‘अ’च्या बाई नाकाला पदर लावून म्हणाल्या, “तुमच्या पृथ्वीला वास येतो हो.” बाई म्हणाल्या, “वाळली की जाईल.” वाळायला ती आपल्या मर्जीने वाळत होती.

रंगवायच्या जागा चिठ्ठ्या टाकून वाटल्या. लंबूला वाळवंट मिळालं आणि त्याने लगेच उंटांचा सराव सुरू केला. वकिलाला आपला देश मिळाला, तेव्हापासून तो कुणाला त्याच्या जवळ फिरकू देईना. आणि पिटुकलीला समुद्र मिळाला. पिटुकली वर्गात चणीने सगळ्यात लहान आणि बोलण्यात त्याहून लहान. चिठ्ठी वाचून तिने ती घडी करून खिशात ठेवली आणि दिवसभर कुणाशी बोलली नाही. तसं ती रोजच बोलत नसे, म्हणून ते कुणाच्या ध्यानात आलं नाही.

घरी गेल्यावर मात्र तिला रडू फुटलं. “सगळ्यांना काहीतरी मिळालंय. मला नुसतं पाणी!”

तिची आई औषधांच्या दुकानात काउंटरवर असायची. आल्या आल्या रडारड बघून ती आधी वैतागली, मग पिटुकलीजवळ बसली.

“नुसतं पाणी काय? बाबा कुठे असतात?”

“जहाजावर.”

“आणि जहाज कुठे असतं?”

पिटुकलीने डोळे पुसले. तिचे बाबा मालवाहू जहाजावर यंत्रं सांभाळायचे. एकदा गेले की तिच्या चपला लहान होईपर्यंत परत येत नसत. त्या आठवड्यात त्यांचा फोन लागला तेव्हा तिने हॅलोच्या आधी विचारलं, “बाबा, तुम्ही नक्की कुठे आहात?” बाबांनी सांगितलं. आईने नकाशात शोधून दिलं. दुसऱ्या दिवशी पिटुकली बाईंकडे जाऊन म्हणाली, “बाई, मला अजून निळा लागेल. हा फिका आहे.”

तिने समुद्र तीनदा रंगवला. काठाला फिका, आत गडद, आणि बाबा होते तिथे अगदी मन लावून. बाबांची सुट्टी प्रदर्शनानंतर सुरू होणार होती. तिने त्यांना फोनवर शब्द दिला, “तुम्ही येईपर्यंत मी समुद्राला कुणाला हात लावू देणार नाही.” पलीकडून खरखर आली आणि फोन तुटला. बाबांनी ऐकलं असेल असं तिने ठरवून टाकलं.

तर, प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी दुपारी पृथ्वी हॉलमध्ये न्यायची होती. चित्रकलेचे सर आणि शिपाईमामा पुढून, बाई आणि दांडगी मुलं मागून, अशी पृथ्वी बाकांवरून उचलली आणि सगळ्यांनी मिळून दारात नेली. पहिल्यांदा ती चौकटीला अडली.

“जरा तिरकी करा,” सर म्हणाले.

“सर, गोल वस्तू तिरकी कशी करायची?” वकिलाने विचारलं.

“तू गप्प बस!”

“का?”

वेत थोडा दबतो, हे सरांना माहीत होतं. त्यांनी बाहेरून ओढलं, आतून वर्गाने जीव खाऊन ढकललं, आणि वेत खरंच थोडा दबला. तेवढाच दबला. पृथ्वी अर्धी व्हरांड्यात गेली आणि चौकटीत घट्ट बसली. ती पुढे जाईना की मागे येईना. आतल्या मुलांचा उजेड निम्मा झाला.

गलका ऐकून हेडसर आले. त्यांना दारात अर्धी पृथ्वी दिसली आणि माणूस एकही दिसला नाही, कारण सर आणि मामा हातोडा आणायला गेले होते.

“बाई!” हेडसरांनी हाक मारली. “कुठे आहात तुम्ही?”

पृथ्वीच्या पलीकडून बाईंचा दबलेला आवाज आला. “इथेच, सर. वाळवंटाच्या मागे.”

“आणि मुलं?”

“माझ्याबरोबर आहेत. सगळी.”

“शाळा सुटायला आलीय! फाटकावर पालक उभे आहेत. त्यांना काय सांगू मी?”

“सर,” आतून वकिलाचा आवाज आला, “त्यांना सांगा, आम्ही पृथ्वीवर नाही आहोत.”

शेवटी मुलं खिडकीतून बाहेर काढली. खिडकीला गज नव्हते, हे त्या दिवशीचं एकमेव सुदैव. मामा बाहेर उभे राहून एकेक मूल उतरवून घेत होते आणि पालक आपापलं ओळखून नेत होते. बाईंनाही खिडकीतूनच यावं लागलं. त्या वेळी ‘अ’च्या बाई नेमक्या तिथून चालल्या होत्या, आणि चालताना त्यांचा वेग बराच कमी झाला होता.

दुसऱ्या दिवशी प्रदर्शन दुपारी होतं. सकाळी सरांनी आणि मामांनी पृथ्वी उलटी ढकलून कशीबशी वर्गात परत घेतली. वकिलाच्या देशाला चौकटीने ओरखडा पडला होता. त्याने तो बोटाने चाचपला आणि बाईंना म्हणाला, “नुकसान कोण भरून देणार?”

तेवढ्यात हेडसर आत आले. मागे मामा होते आणि मामांच्या हातात करवत होती.

हेडसर वाईट नव्हते. पण शिक्षणाधिकारी साहेब येणार होते, निमंत्रणपत्रिकेत ‘मुलांनी साकारलेली भव्य पृथ्वी’ असं छापलेलं होतं, आणि हॉलच्या मधोमध एक रिकामं टेबल त्यांची वाट बघत होतं. “हे बघा बाई,” ते म्हणाले, “मध्ये कापू. दोन तुकडे हॉलमध्ये नेऊ आणि तिथे जोडू. वरून रंगाचा एक हात मारला की कुणाला कळणारही नाही.”

बाईंचा चेहरा उतरला. पण त्यांना दुसरं काही सुचत नव्हतं. आपण नुसता एक फुगा म्हणालो होतो, हेही त्यांना आठवत होतं. त्या मुलांकडे वळल्या. “पृथ्वी तुम्ही केलीय. कुठून कापायची, तुम्हीच सांगा.”

वर्गात एकच कालवा झाला. माझ्या इथून नको, त्याच्या इथून कापा, तिच्या इथून कापा. मग वकील उभा राहिला आणि त्याने फार शांतपणे बाजू मांडली. “समुद्रातून कापा बाई. तिथे कुणी राहत नाही. आणि पाणी कापलं तरी परत जुळतं.”

हे सगळ्यांना पटलं. हात वर करायला सांगितल्यावर झाडून सगळे हात वर गेले. बाईंनी खडू घेतला आणि समुद्रावरून वरपासून खालपर्यंत रेघ ओढायला हात उचलला. तेव्हा त्यांना दिसलं की एक हात वर नाही. पिटुकलीचे दोन्ही हात समुद्रावर पालथे ठेवलेले होते.

“बाजूला हो गं,” बाई हळूच म्हणाल्या.

“तिथे माझे बाबा राहतात,” पिटुकली म्हणाली.

तिचा आवाज वर्गातल्या कित्येकांनी तेव्हा पहिल्यांदा ऐकला. कुणी हसलं नाही. वकील पुढे आला.

“कुठे?”

तिने एक हात उचलला आणि बोट ठेवलं. तिथे निळ्या रंगाशिवाय काही नव्हतं. वकिलाने डोळे बारीक करून पाहिलं, मान तिरकी केली आणि मग बाईंकडे वळून म्हणाला, “मग तिथून नाही कापता येणार.”

“अरे, मग कुठून?” हेडसर कळवळून म्हणाले.

“माझं वाळवंट कापा,” लंबू म्हणाला. “उंटांना बाजूला घेतो.” पण बोलता बोलता त्याला उंट दिसले आणि त्याचे डोळे भरून आले. मग एकीने आपला बर्फ देऊ केला, तो परत गोठतो म्हणून. तिच्याशेजारच्याने आपलं जंगल दिलं आणि लगेच परत मागितलं, कारण त्यात एक वाघीण होती आणि तिला पिल्लं होती. हेडसरांनी मामांच्या हातून करवत घेतली आणि ते पृथ्वीभोवती सावकाश फिरू लागले. जिथे थांबत तिथे कुणाचे तरी हात पालथे पडलेले असत. इथे माझी मावशी राहते. इथे मी मासा काढलाय, वरून रंग दिला म्हणून दिसत नाही, पण आहे. हेडसरांनी पूर्ण फेरी मारली आणि जिथून निघाले होते तिथेच परत आले. करवत टेकवायला कुठे बोटभर जागा सापडली नाही.

ते पृथ्वीखालच्या एका बाकाच्या टोकावर टेकले. बाक लहान मुलांचा होता, त्यामुळे त्यांचे गुडघे हनुवटीजवळ आले.

“सर,” बाईंनी आशेने विचारलं, “दाराची चौकट काढली तर?”

“दार सरकारी आहे, बाई.”

“आणि पृथ्वी?”

हेडसरांनी पृथ्वीकडे पाहिलं. “ती आपली आहे,” ते म्हणाले. “म्हणून तर कापायचं मनात आलं.” मग त्यांनी करवत मामांना दिली. “मामा, ही ठेवून या. आणि हॉलमधलं ते टेबल हलवा.”

दुपारी साहेबांना वर्गात आणलं गेलं. पृथ्वी आणि भिंत यांच्यात एका वेळी एकच माणूस मावत होता, तोही पोट आत घेऊन. साहेब सुखवस्तू होते. फळ्याजवळ ते थोडे अडकले, मामांनी त्यांना सोडवलं, आणि त्यानंतर त्यांच्या कोटाच्या पाठीवर दिवसभर वार आणि तारीख उलटी छापलेली राहिली. हे त्यांना सांगायचं धाडस कुणाला झालं नाही.

समुद्रापाशी ते थांबले. पिटुकली तिथे पहाऱ्यावर उभी होती.

“तू काय केलंस बाळ?”

“समुद्र.”

“अच्छा. नुसता समुद्र?”

“नुसता नाही. यात माझे बाबा आहेत.”

साहेब वाकले. त्यांनी चष्मा वर केला, खाली केला, पुन्हा पाहिलं. “कुठे? मला नाही दिसत.”

“लांब आहेत ना,” पिटुकली समजुतीने म्हणाली.

साहेब सरळ झाले. त्यांनी चष्मा काढून बराच वेळ पुसला. नंतर ते हेडसरांना म्हणाले, “ही कापायचं चाललं होतं असं ऐकलं?”

“छे छे!” हेडसर म्हणाले. “आमच्या शाळेत असला विचार कुणाच्या मनात येणार नाही.”

पहिलं बक्षीस तिसरी ‘अ’च्या पुठ्ठ्याच्या घराला मिळालं. हॉलमध्ये मांडलेल्या वस्तूंनाच बक्षीस द्यायचं, असा नियम होता. ते घर सुबक होतं आणि एका हातात उचलता येत होतं.

बाबांचं जहाज वाटेत कुठल्याशा बंदरात रखडलं आणि ते आले तेव्हा शाळेला मोठी सुट्टी लागली होती. वर्गात रंगारी काम करत होते. “हा गोळा कुठे ठेवायचा?” असं त्यांनी विचारलं तेव्हा हेडसर त्यांच्यावर खेकसले होते, “गोळा काय म्हणता? आणि तो हलत नाही. तुम्ही त्याच्या बाजूने रंगवा.” त्यामुळे तीन भिंती पांढऱ्याशुभ्र झाल्या होत्या आणि पृथ्वीच्या मागची चौथी तशीच होती.

पिटुकली बाबांना हाताला धरून घेऊन आली. बाबा ठेंगणे, लाजरे, नखांत तेल मुरलेले. बाई कपाट आवरायला आल्या होत्या, त्या पुढे झाल्या. “या ना. तुम्हाला काय म्हणा याचं नवल. तुम्ही तर रोजच समुद्र बघता.”

“कुठलं हो बाई,” बाबा ओशाळून हसले. “माझं काम तळाशी, इंजिनापाशी. तिथे खिडकीच नाही. पाळी संपवून वर येतो तोवर बाहेर काळोख झालेला असतो.” ते समुद्राच्या जवळ गेले. काठाचा फिका निळा, आतला गडद, सगळं त्यांनी पाहिलं. मग म्हणाले, “असा आहे होय हा?”

“तुम्ही इथे होता,” पिटुकलीने बोट ठेवलं.

“आणि आपलं घर?”

तिने वकिलाच्या देशावर, ओरखड्याच्या जरा वर, दुसरं बोट ठेवलं. बाबांनी पंजा पसरला. अंगठा घरावर टेकला, करंगळी जहाजावर टेकली. त्यांचा चेहरा उजळला.

“बघ! एक वीत फक्त. एवढ्यासाठी रडायचीस होय गं फोनवर?”

पिटुकलीने त्यांचा हात बाजूला केला आणि आपला ठेवला. तिची करंगळी पाण्यातच संपली. मग जिथे ती संपली तिथे अंगठा टेकवून तिने पुन्हा पंजा पसरला, आणि तेव्हा कुठे ती बाबांपर्यंत पोचली.

“माझ्या दोन होतात,” ती म्हणाली.



“मग तुझंच माप धरू,” बाबा म्हणाले आणि त्यांनी आपला हात खाली घेतला.